जुन्या संगणकासाठी प्रणाली निवडताना नुसता हलकेपणा पाहू नका

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या प्रणालीला (संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या गावी शिक्षक, दुकानदार, पतसंस्थेतले कारकून असे कोणी ना कोणी वाचनालयात येऊन एकच प्रश्न विचारतात : चांगला चालणारा संगणक आता टाकून द्यायचा का? विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे २०१७ च्या सुमारास किंवा पुढे बाजारात आलेला असावा लागतो. त्याआधीची यंत्रे कितीही धडधाकट असली तरी या अटींत बसत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने एक वर्षाच्या मुदतवाढीची योजना आणली आहे, पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स कुटुंबातली एखादी हलकी मुक्तस्रोत, म्हणजे जिची मूळ रचना सर्वांना खुली असते अशी, प्रणाली बसवावी, असा सल्ला आता सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र ‘कोणती बसवावी’ या पुढच्या प्रश्नाला ‘सर्वांत हलकी असेल ती’ हे जे उत्तर मिळते, ते निदान मराठीत काम करणाऱ्या माणसासाठी अपुरे आहे, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

मी एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाहपद गेली काही वर्षे सांभाळत आहे. आमच्या वापरात चार संगणक आहेत आणि चारही देणगीतून आलेले आहेत. दोन कोअर २ ड्युओ प्रोसेसरचे डेस्कटॉप, प्रत्येकी २ जीबी रॅमचे (रॅम म्हणजे चालू कामापुरती वापरली जाणारी तात्पुरती स्मृती). एक चौथ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा. आणि एक ॲटम एन२७० प्रोसेसरचा चिमुकला लॅपटॉप, ज्यात जेमतेम १ जीबी रॅम आहे. आम्ही चारही यंत्रे दुरुस्तीच्या एका दुकानात नेली, तेव्हा झाकणही न उघडता ‘भंगारात घाला’ असे सांगण्यात आले. आज चारही चालू आहेत. त्यांतल्या तिघांवर दाखलनोंद, पत्रव्यवहार आणि वाचकांचे ऑनलाइन अर्ज होतात, चौथ्यावर मुले मराठी टंकलेखनाचा सराव करतात. इथवर पोहोचण्यासाठी आम्हाला दोनदा चुकावे लागले, आणि त्या चुका इतरांच्या कामी याव्यात, हाच या पत्राचा हेतू आहे.

पहिल्यांदा आम्ही पपी लिनक्स घेतले. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू होते आणि स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये उतरवून घेते, त्यामुळे हार्ड डिस्कच्या संथपणाशी तिचा संबंधच उरत नाही. ज्या यंत्रावर पूर्वी कळ दाबून चहा पिऊन यावे लागे, त्यावर खिडक्या क्षणात उघडू लागल्या आणि आम्ही सगळे हरखून गेलो. हा आनंद आठवडाभर टिकला. ही प्रणाली बंद होताना ‘सत्र जतन करायचे का’ असे विचारते. तो प्रश्न इंग्रजीत होता, आणि संध्याकाळच्या पाळीला बसणाऱ्या आमच्या स्वयंसेवकाने घाईत ‘नको’वर टिचकी मारली. एका वाचकाने दुपारभर बसून लिहिलेला दोन पानी अर्ज त्याबरोबर पुसला गेला. यात त्या प्रणालीचा दोष नाही. एकट्या जाणकार माणसाने, पेन ड्राइव्ह खिशात घेऊन, कुठल्याही यंत्रावर काम करावे यासाठी तिची रचना उत्तम आहे. दिवसाकाठी वीस जण हाताळतात त्या वाचनालयाच्या टेबलासाठी ती नाही, हे आमच्या आधी लक्षात यायला हवे होते.

दुसरी चूक अधिक बोलकी आहे. पहिल्या अनुभवानंतर ‘आणखी हलके’ म्हणून आम्ही टायनी कोअर ही लिनक्सचीच अतिलहान प्रणाली पाहिली. डेस्कटॉपसह, म्हणजे खिडक्या-चिन्हांच्या पडद्यासह, तिची फाइल २५ एमबीहूनही लहान असते, म्हणजे मोबाइलवरच्या पाचसहा छायाचित्रांएवढी. तिच्यावर मी माझ्या सवयीची एक ओळ उघडून पाहिली : ‘ज्ञानेश्वरीतील दृष्टान्त, सह्याद्रीच्या दऱ्या आणि शब्दांची तऱ्हा.’ सुरुवातीला सगळीकडे रिकामे चौकोन आले, कारण देवनागरीचा टंकच (फॉन्ट) तिच्यात नव्हता. टंक घातल्यावर चौकोन गेले, पण ‘ज्ञ’ च्या जागी पाय मोडलेला ‘ज’ आणि त्याच्या शेजारी सुटा ‘ञ’ दिसू लागला, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसली आणि ‘दऱ्या’ तर ओळखू येईना. इंग्रजी मजकूर मात्र त्याच खिडकीत स्वच्छ दिसत होता.

असे का होते, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण निवडीचे सगळे मर्म त्यात आहे. रोमन लिपीत एका अक्षराला एक आकृती काढली की काम भागते. देवनागरीत हलन्त, जोडाक्षर, रफार, वेलांटी यांचा विचार करून अक्षरांची फेरमांडणी करावी लागते आणि ते काम करणारा एक वेगळा सॉफ्टवेअर-भाग प्रणालीत असावा लागतो. लिनक्सच्या जगात हे काम प्रामुख्याने हार्फबझ नावाचा मुक्तस्रोत भाग करतो. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर, दोन्ही त्याचा उपयोग करतात, म्हणून त्यांत मराठी अचूक उमटते. अतिहलक्या प्रणालींत खिडक्या आणि मजकूर-संपादक अशा साधनांनी बांधलेले असतात की त्यांत ही फेरमांडणी नसते किंवा अर्धवट असते. प्रणाली हलकी असते ती कोणत्याही जादूने नव्हे, तर तिच्यातून काहीतरी वगळलेले असते म्हणून. जे वगळले आहे ते आपल्या कामाचे आहे की नाही, हे पाहणे आपल्यावर असते. टंक, मराठी टंकलेखनाची सोय, छपाईसाठी लागणारी ‘कप्स’ यंत्रणा, वायफायसाठी लागणारे फर्मवेअर (तो सुटा भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर), या चार गोष्टी सहसा आधी कापल्या जातात, आणि वाचनालय, शाळा किंवा ग्रामपंचायत यांना नेमक्या याच चार गोष्टी लागतात. परदेशातली तुलनात्मक परीक्षणे इंग्रजी वापरकर्त्यासाठी लिहिलेली असतात. त्यांत ‘चालू झाल्यावर रॅम किती खाते’ याचे आकडे असतात, पण ‘ऱ्या’ नीट उमटतो का, हे नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की निवडीची सुरुवात प्रणालीच्या नावापासून न करता समोरच्या यंत्रापासून आणि त्यावर होणाऱ्या कामापासून करावी. यंत्राविषयी आधी जाणून घ्यायची गोष्ट म्हणजे प्रोसेसर ६४ बिटांचा आहे की ३२ बिटांचा, म्हणजे तो एका वेळी किती माहिती हाताळू शकतो. इथे पुष्कळांची फसगत होते. २००८ ते २०१२ च्या दरम्यान विकल्या गेलेल्या अनेक संगणकांवर प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती बसवलेली असे. विंडोजमधील माहितीच्या पडद्यावर ‘सिस्टिम टाइप’पुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, बसवलेल्या विंडोजविषयी एक आणि प्रोसेसरविषयी दुसरी. आपल्याला दुसरी पाहायची आहे. तिथे ‘एक्स६४’ असेल तर यंत्र ६४ बिटांचे आहे. आमचे दोन्ही कोअर २ ड्युओ असेच ‘३२ बिटी’ म्हणून आमच्या माथी आले होते. आम्ही त्यावर विसंबून ३२ बिटांची प्रणाली बसवली असती, तर नाहक अरुंद वाटेने गेलो असतो.

वाट अरुंद म्हणतो, कारण ३२ बिटांच्या यंत्रांना मिळणारा आधार एकेक करून संपत चालला आहे. उबुंटू या प्रसिद्ध लिनक्स प्रणालीने आपल्या मुख्य डेस्कटॉप आवृत्तीची ३२ बिटी फाइल २०१७ मध्येच बंद केली, लिनक्स मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्ये. या बाबतीत सर्वांत चिवट समजल्या जाणाऱ्या डेबियनने ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. क्रोमने लिनक्सवरचा ३२ बिटी आधार २०१६ मध्येच काढला होता आणि फायरफॉक्सनेही २०२५ अखेरपासून आपल्या नेहमीच्या आवृत्त्या त्यासाठी काढणे बंद केले. अँटीएक्स या हलक्या लिनक्स प्रणालीसारखे काही प्रकल्प अजून नेटाने ३२ बिटी आवृत्ती देतात आणि त्यांचे ऋण मानले पाहिजे, पण अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

दुसरा आकडा रॅमचा. याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. यंत्राचा खरा भार आज प्रणाली टाकत नाही, ब्राउझर टाकतो. आमच्या यंत्रांवर अँटीएक्स सुरू झाल्यावर सुमारे २०० एमबी रॅम घेते आणि एक्सएफसीई डेस्कटॉपसह डेबियन सुमारे ६०० एमबी. फरक मोठा वाटतो. पण त्यानंतर फायरफॉक्स उघडून एखाद्या शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरायला घेतला आणि शेजारी ई-मेल उघडी ठेवली की बघता बघता एक जीबीच्या वर रॅम लागते, मग खाली प्रणाली कोणतीही असो. म्हणजे १ जीबीच्या यंत्रावर जगातली सर्वांत हलकी प्रणाली घातली तरी आजचे संकेतस्थळ त्याला पेलणार नाही, आणि ४ जीबीच्या यंत्रावर अतिहलकी प्रणाली घालून फारसे काही साधत नाही. या दोहोंच्या मधल्या २ जीबीच्या यंत्रांपुरताच हलकेपणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने महत्त्वाचा आहे. तिथे एलएक्सक्यूटी किंवा आइसडब्ल्यूएमसारखा साधा डेस्कटॉप घ्यावा, रॅममधला मजकूर दाबून ठेवणारी झेडरॅम ही सोय चालू करावी आणि ब्राउझरमध्ये एका वेळी दोनच पाने उघडी ठेवण्याची शिस्त पाळावी.

त्याहून चांगला उपाय म्हणजे रॅम वाढवणे. आमच्या दोन डेस्कटॉपना आम्ही जुन्या बाजारातून डीडीआर-२ च्या पट्ट्या आणून ४ जीबी रॅम केली आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, बसवल्या. दोन्ही मिळून जो खर्च आला तो नव्या संगणकापुढे किरकोळ होता. एसएसडी बसल्यावर जो फरक पडला, तो कुठल्याही प्रणालीच्या बदलाने पडला नव्हता. शंभर रुपये खर्च करायचे असतील तर त्यांतले साठ एसएसडीवर आणि चाळीस रॅमवर करावेत, आणि प्रणाली निवडण्याचा विचार त्यानंतर करावा, असे मी आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

या सगळ्यानंतर आम्ही काय निवडले? ६४ बिटांच्या तिन्ही यंत्रांवर डेबियन १३, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. आय-३ च्या यंत्रावर लिनक्स मिंट सहज चालले असते आणि घरी पहिल्यांदाच विंडोजवरून येणाऱ्या माणसाला मी आजही मिंटची एक्सएफसीई आवृत्तीच सुचवतो. तिची मांडणी ओळखीची वाटते आणि २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. जुन्या यंत्रांसाठी एमएक्स लिनक्स आणि लुबुंटूही चांगली आहेत. पण वाचनालयात तीन यंत्रांवर तीन तऱ्हा असल्या की ग्रंथपालांना तीनदा शिकावे लागते आणि काही बिघडले की फोनवरून सांगणेही कठीण होते. एकच प्रणाली, एकच मांडणी, तीच चिन्हे त्याच जागी, ही सोय शंभर-दोनशे एमबी रॅमपेक्षा मोलाची आहे. डेबियन निवडण्यामागे आणखी एक विचार होता. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, जगभरचे स्वयंसेवक तो सनदशीर पद्धतीने चालवतात, आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे ३ वर्षे पूर्ण व त्यापुढे २ वर्षे दीर्घकालीन आधार मिळतो. कुणीतरी हौसेने सुरू केलेली आणि दोन वर्षांत बंद पडलेली कितीतरी देखणी वितरणे (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) मी पाहिली आहेत. वाचनालयाने देखणेपणापेक्षा टिकाऊपणा पाहावा. पूर्वी डेबियन बसवताना वायफाय चालत नसे, अशी तक्रार असायची आणि ती खरी होती. जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून लागणारे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येते, त्यामुळे ती अडचण बरीचशी दूर झाली आहे.

ॲटमच्या लहान लॅपटॉपवर, तो ३२ बिटांचाच असल्यामुळे, अँटीएक्स आहे. त्याला आम्ही इंटरनेट जोडलेलेच नाही. त्यावर फक्त लिब्रेऑफिस आहे आणि मुले त्यावर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलक-मांडणीचा सराव करतात. त्याच्याकडून इतकीच अपेक्षा ठेवली असल्यामुळे तो कुणाला निराश करत नाही.

मराठीविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘लिनक्सवर मराठी येत नाही’ हा समज अजूनही शाळाशाळांत आहे. येते, आणि चांगले येते. इनस्क्रिप्टसाठी डेबियनमध्ये वेगळे काहीच बसवावे लागत नाही. कळफलकाच्या मांडणीत इंग्रजीच्या जोडीला भारतीय गटातील मराठी मांडणी निवडली की पुरे, आणि त्याला रॅमही लागत नाही. र जिथे आहे तिथेच शिफ्टसह ऱ आणि ल जिथे आहे तिथेच शिफ्टसह ळ, ही मांडणी फोनपासून संगणकापर्यंत सर्वत्र तीच असल्यामुळे एकदा शिकलेले वाया जात नाही. ज्यांना रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहायची सवय आहे, त्यांनी आयबस ही टंकलेखनाची यंत्रणा आणि त्यासोबतचा एम१७एन हा भाग बसवावा. टंकांमध्ये नोटो आणि लोहित पुरेसे आहेत, शिवाय मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ आणि आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ हे टंक कुणालाही विनामूल्य घेता येतात. आमच्या वार्षिक अहवालाचा मजकूर आता शोभिकात असतो.

खरी अडचण आली ती जुन्या नोंदींची. २०११ पर्यंतची आमची दाखलनोंद युनिकोडपूर्व टंकात केलेली होती (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेत-पद्धत). अशा टंकांत मराठी अक्षराच्या मागे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराचाच संकेत असतो, म्हणून तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की ‘ग्रंथ’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गुंता दिसतो. लिनक्सवर फाइल ‘खराब झाली’ असे सगळ्यांना वाटले. ती खराब झाली नव्हती. ती कधी खऱ्या अर्थाने मराठीत नव्हतीच. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मग नजरेखालून घालून दुरुस्त करण्यात आमचे दोन महिने गेले. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या सर्वाधिक चुकतात, हे असे काम हाती घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. प्रणाली बदलायची असो वा नसो, हे काम प्रत्येक संस्थेला कधीतरी करावेच लागणार आहे.

बसवण्यापूर्वीच्या चाचणीला मी फार महत्त्व देतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, सोबत दिलेल्या पडताळणी-बेरजेशी (चेकसम) ती ताडून पाहता येते आणि रूफस किंवा व्हेंटॉय या साधनाने पेन ड्राइव्हवर चढवून हार्ड डिस्कला हात न लावता वापरून पाहता येते. या वेळी फक्त डेस्कटॉप किती सुंदर आहे ते पाहू नये. वायफाय जोडावे, ध्वनी ऐकावा, वर दिलेल्यासारखी जोडाक्षरांची एक ओळ लिहावी आणि मुख्य म्हणजे आपला प्रिंटर जोडून ती ओळ कागदावर छापावी. एचपीच्या पुष्कळ प्रिंटरांसाठी कंपनीचेच एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर लिनक्सवर आहे आणि ते चांगले चालते. मात्र आपल्याकडे कार्यालयोकार्यालयी दिसणाऱ्या एका छोट्या काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरने आमचे तीन रविवार खाल्ले. अखेर तो एका सदस्याला देऊन आम्ही दुसरा घेतला. आधी चाचणी केली असती तर हा मनस्ताप टळला असता. शिवाय, एकदा बसवायला घेतले की डिस्कवरचे जुने सर्व पुसले जाऊ शकते, म्हणून छायाचित्रे, हिशेब आणि पत्रव्यवहार बाहेरच्या डिस्कवर काढून, ती डिस्क दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेबियन बसवून झाल्यावर एका यंत्रावर कोणतेही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना. ‘लिनक्स आपल्याला जमणार नाही’ असा सूर बैठकीत निघाला. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले तर तिथे १ जानेवारी २००९ ही तारीख. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी मेली होती, त्यामुळे वीज गेली की यंत्राचे घड्याळ मागे जाई, आणि आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्या तारखेला अवैध ठरत. घड्याळाच्या दुकानात मिळणारी ती बॅटरी बदलली आणि सगळे सुरळीत झाले. जुन्या यंत्राचे निम्मे आजार असे असतात. पंख्यातली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, सैल झालेली रॅमची पट्टी हे आधी पाहावे. पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसवली की बंद यंत्र चालू झाल्याचे मी दोनदा पाहिले आहे.

ही वाट सर्वांसाठी नाही, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ज्यांचे हिशेब टॅलीवर आहेत, ज्यांच्या परीक्षेचे किंवा सरावाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन रोज लावावे लागते, त्यांनी निदान एक यंत्र विंडोजचे ठेवावे आणि ते नवे असावे. तसेच प्रत्येक जुने यंत्र जगवलेच पाहिजे असेही नाही. पेंटियम ४ च्या काळातले डेस्कटॉप कामाच्या मानाने फार वीज खातात आणि त्यांच्याकडून आजचे काम होत नाही. असे यंत्र भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांची व्यवस्था त्यासाठीच आहे.

केरळमध्ये शासकीय शाळांतील संगणक-शिक्षण गेली अनेक वर्षे मुक्तस्रोत प्रणालीवर चालते आणि ‘काइट’ ही तेथील शासकीय संस्था शाळांसाठी उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती तयार करते, शिक्षकांना तिचे प्रशिक्षणही देते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयींसह काढली, त्यालाही दीड दशकाहून अधिक काळ झाला. म्हणजे ज्ञान, माणसे आणि उदाहरण, तिन्ही देशातच आहेत. महाराष्ट्रात ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांत असे जुने संगणक झाकण घालून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयांनी वर्षातून एक दिवस, तालुक्याच्या ठिकाणी, प्रत्येक वाचनालयाला आपले यंत्र घेऊन यायला सांगावे आणि तिथेच तपासणी, चाचणी व प्रणाली बसवणे असे काम हाती घ्यावे, ही माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. व्याख्यानाची गरज नाही. दहा पेन ड्राइव्ह, एक प्रिंटर आणि दोन जाणकार माणसे पुरतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी या कामाला आनंदाने येतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि ज्या वाचकांच्या मनात आपला जुना संगणक एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला द्यायचे आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे की लॅपटॉप असेल तर चार्जर सोबत द्यावा, आपला खासगी मजकूर काढून डिस्क पूर्ण पुसून द्यावी आणि बायोसला (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) पासवर्ड घातला असेल तर तो आठवणीने काढावा. आमच्याकडे आलेला पाचवा संगणक चांगल्या अवस्थेत आहे, पण त्या पासवर्डामुळे तो पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाही, आणि देणाऱ्या गृहस्थांना तो आता आठवत नाही.

आपला नम्र,
एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह,
जि. सातारा